भाकरीच्या फडक्यातलं बिडीबंडल

सुग्रीवनं दारू सोडली तेव्हा शहागडात कुणाचा विश्वास बसला नव्हता. काही जण तर हायवेवरच्या त्याच्या पंक्चरच्या दुकानात उगाच हवा भरायला येत आणि तोंडाचा वास घेऊन जात. त्या काळात पाठीशी उभा राहिला एकटा अंगद. तो स्वतः दारूतून उठलेला, आणि दारू सोडणाऱ्यांच्या बैठकीत सुग्रीवचा जोडीदार. प्यावंसं वाटलं की आधी जोडीदाराला सांगायचं, ही तिथली रीत. सुग्रीवनं ती नेमानं पाळली.

मग बैठकीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी नवीनच काढलं. बिडी सुटली तर दारू लांब राहायला उलट मदतच होते, म्हणाल्या. या मंडळींना दारूनंतर तेवढाच आधार उरलेला, सगळे खाली बघू लागले. सुग्रीवनं मात्र हात वर केला आणि अंगदनं सगळ्यांसमोर त्याची पाठ थोपटली.

बिडीनं त्याचा घाम काढला. डोकं भणभणायचं, गिऱ्हाइकावर खेकसायचा, घरी भाजीला नावं ठेवायचा. पण नेटानं राहिला. आणि एका दुपारी डबा सोडला तर भाकरीच्या फडक्यात बिडीबंडल. काडेपेटीसकट.

तो तसाच उपाशी घरी आला. त्याच्या हातातलं बंडल पाहून बायकोनं, शालूनं, मान खाली घातली.

"अंगदभाऊंनी आणून दिल्तं. म्हणले, वहिनी, ह्याचं डोकं फिरायलंय. बिडी न्हाई भेटली तर बाटलीकडं जाईल. गुपचूप ठिवा डब्यात."

"अन् तुला पटलं?"

"भ्या वाटलं," ती म्हणाली. खरं बोलली, म्हणून तिच्यावर धड रागावताही येईना.

अंगद पारावर बसला होता. बंडल बघून दचकला नाही.

"तुझ्या भल्यासाठीच केलं. माझं तसंच झाल्तं. बिडी सोडली अन् आठ दिवसात पुन्हा प्यालो."

"मंग मला तोंडावर का न्हाई सांगितलं? पाठ कशाला थोपटली?"

गावातल्या कुणी हे केलं असतं तर सुग्रीवनं हसून सोडून दिलं असतं. पण ज्याच्या भरवशावर तो उभा होता, त्यानंच हा पडणार असं धरून चालावं, हे जिव्हारी लागलं.

त्यानं बंडल अंगदच्या मांडीवर ठेवलं.

"दादा, आत्ता मला प्यावं वाटायलंय," तो म्हणाला. "हे आता कोणाला सांगू?"