ठमीचं स्टिअरिंग

ठमी म्हणजे गाडी. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्या घरात ठमीबद्दल इतकं बोलणं चालायचं की नव्या माणसाला वाटावं, आत कुणी पोरगी रुसून बसली आहे. गोल बोनेटची, बुटकी, राखाडी रंगाची ही ठमी रस्त्यानं निघाली की लोक मान वळवून बघत. तसली गाडी बनवणं कंपनीनं कधीच सोडून दिलं होतं. नर्सबाईंनी ती नोकरीच्या सुरुवातीला घेतली, तीही जुनीच, आणि तिच्यात बसून त्यांनी अख्ख्या गावातली बाळंतपणं केली. आज मिशा फुटलेले किती तरी बाप्ये या जगात आले तेव्हा दारात ठमी उभी होती.

पण निवृत्त झाल्यापासून नर्सबाईंनी ठमीला हात लावला नव्हता.

त्याचं असं झालं. निवृत्तीच्या दिवशी यजमानांनी त्यांना ठमीसाठी चार नवे टायर भेट दिले. यजमान भूमितीचे मास्तर, घरीदारी सगळे त्यांना मास्तरच म्हणत. बायकोला फुलं-बिलं देणं त्यांना कधी जमलं नाही. टायर मात्र त्यांनी निवडून निवडून आणले, चांगले रुंद. जितकं जास्त रबर रस्त्याला टेकेल तितकी पकड जास्त, हा त्यांचा सिद्धांत. आणि मास्तरांचा सिद्धांत एकदा मांडून झाला की 'सिद्ध' म्हटल्याशिवाय ते फळ्यापासून हटत नसत. ठमी त्या टायरांवर एखाद्या पहिलवानासारखी दिसायला लागली. नर्सबाई मनापासून खूश झाल्या.

दुसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढायला बसल्या तर स्टिअरिंग हलेना. दोन्ही हातांनी जोर लावून, ओठ चावून गाडी कशीबशी वळवली, तर खांद्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. काल निवृत्त झालो आणि आज हात गेले, शरीरानं अगदी तारीख पाळली म्हणायची, असं त्या स्वतःशी म्हणाल्या. टायरांचा संशय त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, वय आहे. व्यायाम दिले, तेही त्यांनी इमानेइतबारे केले. काही फरक पडला नाही. मग एक दिवस मास्तरांना म्हणाल्या, मला आता चालवायचा कंटाळा येतो, तुम्हीच चालवत जा. आणि आत जाऊन तोंड धुण्याच्या निमित्तानं रडून घेतलं.

तेव्हापासून वर्षानुवर्षं मास्तर चालवत आणि नर्सबाई शेजारी पर्स मांडीवर घेऊन बसत. कुठे वळायचं आलं की त्यांचे पाय आपोआप क्लच शोधायचे.

शेवटी त्यांनी मन घट्ट केलं आणि ठमी पुतणीला द्यायचं ठरवलं. पुतणी नुकती नोकरीला लागली होती, ठमीवर तिचा लहानपणापासून जीव. रविवारी किल्ली न्यायला येणार होती. द्यायची तर गाडी धड करून द्यायची, म्हणून नर्सबाई एका सकाळी चाकांशी उकिडव्या बसल्या. टायरची नक्षी खोल होती. गाडी फिरतेच किती, झिजणार कशी. पण बाजूच्या रबरावर बोट फिरवलं तर बारीक बारीक भेगा. म्हाताऱ्या माणसाच्या टाचेसारख्या.

"अहो, हे बदलायला हवेत," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी नाक मुरडलं. नक्षी शाबूत असताना टायर फेकायचा म्हणजे त्यांना पाप वाटत होतं. पण नर्सबाईंनी सांगितलं की रबर न वापरताही म्हातारं होतं, आणि भरधाव गाडीचा टायर फुटला तर आत आपली पोरगी असणार आहे. पोरगी म्हटल्यावर मास्तर निमूटपणे चपला शोधायला लागले.

टायरच्या दुकानात गोल चळती छपरापर्यंत गेल्या होत्या. टायरवाला जाडजूड, हसरा, आणि अतिशय बोलका. त्यानं ठमीभोवती दोन फेऱ्या मारल्या, बोनेटवर हात फिरवला, असली गाडी आपल्या मामाकडे होती म्हणाला, मामाची सगळी हकिगतही सांगितली, आणि मग विचारलं, काय दाखवू. मास्तर म्हणाले, आहेत त्याच मापाचे, जमलं तर आणखी रुंद. टायरवाला लगेच शिडीवर चढला. गिऱ्हाईक मागेल ते देणारा माणूस.

नर्सबाई मात्र ठमीचं दार उघडून आतल्या कडेला बघत होत्या. तिथे एक छोटी पत्र्याची पट्टी होती, कंपनीनंच बसवलेली, टायरचं माप, त्यानं पेलायचा भार आणि हवा किती भरायची ते सांगणारी. इतकी वर्षं गाडी धुताना त्यांनी ती कितीदा पुसली होती, वाचली कधीच नव्हती. पट्टीवरचं माप मास्तरांच्या टायरांपेक्षा बरंच कमी होतं.

"हेच माप द्या," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी पकडीचा सिद्धांत पुन्हा मांडला. नर्सबाईंनी तो सगळा ऐकून घेतला आणि म्हणाल्या की बाटलीवर जेवढा डोस लिहिलाय तेवढाच द्यायचा, पेशंट कितीही लाडका असला तरी. टायरवाला शिडीवरून उतरला आणि म्हणाला, बाई म्हणतात ते खरं, या रिमवर एवढा रुंद टायर नीट बसतच नाही. बघा, वळताना मडगार्डला घासतोय. खरंच, पत्र्यावर आतून चकचकीत ओरखडा पडला होता. मास्तरांनी ओरखड्यावर बोट फिरवलं आणि खांदे पाडले.

मग निवड सुरू झाली, आणि ती बाईंनी केली. पहिली जोडी दिसायला देखणी आणि स्वस्त, पण टायरवर छापलेला आठवडा आणि साल बघितलं तर माल दुकानातच म्हातारा झालेला. ती परत. दुसऱ्यांवर भार पेलण्याचा आकडा पट्टीवरच्यापेक्षा कमी. तेही परत. दोन पुढे नवे आणि दोन मागे जुने, हा टायरवाल्याचा सल्ला तर त्यांनी पुरता ऐकूनही घेतला नाही. चारही एकाच कंपनीचे, ताज्या तारखेचे आणि ओल्या रस्त्यावर पाणी कापतील अशा खाचांचे, असे मिळेपर्यंत त्या हलल्या नाहीत. सोबत नव्या ट्यूबही घ्यायला लावल्या. टायरवाल्याला घाम फुटला, पण शेवटी तोही रंगात आला.

चाकं बसली. ठमी एकदम बारीक दिसायला लागली, आजारातून उठल्यासारखी. मास्तर म्हणाले, सायकल केलीत तिची.

नर्सबाईंना हसू आलं. शेवटचं एकदा बसून बघते, असं म्हणून त्या ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. दुकानामागच्या मोकळ्या जागेत एक चक्कर, बस. दात आवळून त्यांनी खांद्याला कळ सोसायची तयारी केली, गाडी सुरू केली आणि स्टिअरिंग फिरवलं.

ते फिरलं. नुसतं फिरलं, जोर न लावता, जुन्या दिवसांसारखं. त्या गोंधळल्या. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. खांदा गप्प होता. हात गेलेच नव्हते! आणखी एक चक्कर, मग आणखी एक. टायरवाला ओरडून विचारत होता, काही आवाज येतोय का, पण नर्सबाईंना काही ऐकू येत नव्हतं. डोळे भरून आल्यामुळे धड दिसतही नव्हतं. कुणाचे आभार मानावेत ते न कळून त्या ठमीलाच पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, माझी बाई ती, माझी बाई.

गाडी थांबली तेव्हा मास्तर खिडकीशी आले. नर्सबाईंनी उतरून त्यांना बसवलं. मास्तरांनी गाडी थोडी पुढे घेत दोन बोटांनी स्टिअरिंग फिरवलं. ठमीचं स्टिअरिंग मुळातच जड, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. मग गाडी थांबवून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. हा सिद्धांत त्यांना कुणी मांडून दाखवायची गरज नव्हती.

"तू बोलली का नाहीस?"

"मला वाटलं माझेच हात गेले. आणि तुम्ही इतक्या हौसेनं आणले होते."

"मला ड्रायव्हिंग मुळीच आवडत नाही," मास्तर म्हणाले. "पोटात गोळा येतो. प्रत्येक वेळी."

"मग इतकी वर्षं कशाला चालवलीत?"

"तुला कंटाळा आला होता ना."

नर्सबाईंनी त्यांचा हात धरला. भर दुपारी, टायरवाल्यासमोर. ज्या माणसाचा राग यायला हवा होता त्याच्याबद्दल त्यांच्या मनात माया दाटून आली होती. भीत भीत का होईना, त्यानं त्यांना बाजारात, दवाखान्यात, नातेवाइकांकडे नेलं होतं आणि कधी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

रविवारी पुतणी आली. नर्सबाई ठमी सुरू करून दारातच बसल्या होत्या.

"बाळा, तुला दिलेला शब्द मी मोडतेय," त्या म्हणाल्या. "ठमी नाही देत. मला अजून चालवता येते."

पोरीचा चेहरा पडला, खोटं कशाला बोला. मग काकूच्या तोंडाकडे पाहता पाहता तिलाच हसू फुटलं.

"मग निदान फिरवून तरी आणा, काकू," म्हणत ती शेजारी बसली. मास्तर मागे चढले, पाय लांब केले आणि चष्मा काढून खिशात ठेवला. नर्सबाईंनी आरशात पाहिलं. कोपऱ्यावर वळायच्या आत मास्तरांना गाढ झोप लागली होती.