सेकंदाचा आठवा भाग

सुरतेत आमच्या डिंडोलीच्या सोसायटीत कुणाचा टीव्ही बंद पडो की मिक्सर, पहिली हाक मला येते. मी एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात टीव्ही आणि स्पीकर बसवून देण्याचं काम करतो, पण गल्लीत माझा थाट मोठ्या इंजिनियरचा. ‘लखनला विचारा’ असं लोक म्हणायचे आणि मी कॉलर ताठ करून फिरायचो. आजही म्हणतात. आता मात्र तो शब्द कानावर पडला की मला माझीच चीड येते.

कारण माझ्या शब्दावर सगळ्यात जास्त विश्वास आप्पांनी ठेवला. आप्पा म्हणजे माझे वडील, दगा मास्तर. अमळनेरकडून तरुणपणी सुरतेला आले आणि पांडेसऱ्यात मगनभाईंच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात चौतीस वर्षं राबले. आधी कारीगर होते, नंतर बिघडलेले लूम दुरुस्त करणारे मास्तर झाले.

लूमच्या शेडमध्ये किती आवाज असतो ते बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. खेटून उभ्या असलेल्याने कानात ओरडलं तरी शब्द पोचत नाही. म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. हे कुणी शिकवत नाही, वर्ष-दोन वर्षांत आपोआप येतं. दहा लूम पलीकडचा माणूस तिकडून पोरीच्या लग्नाची बोलणी सांगतो आणि इकडचा त्यावर सल्लाही देतो. आप्पा यात वस्ताद. मी लहान असताना रस्त्यापलीकडच्या दोन बायका काय बोलतायत ते गॅलरीतून सांगून ते आईला हसवायचे. आई ‘असं ऐकू नये’ म्हणून रागवायची आणि पुढे काय म्हणाल्या तेही विचारायची.

मास्तरच्या कामात तर ओठ वाचण्यावरच सगळं असतं. बंद लूममध्ये एकाचे हात असतात आणि दुसरा बटणापाशी उभा असतो. ‘थांब’ की ‘चालू कर’ हे तोंडाकडे बघूनच ठरायचं. चूक झाली तर बोटं गेली. चौतीस वर्षांत आप्पांच्या शेडमध्ये एकाचंही बोट गेलं नाही. त्यांना दुसऱ्या कशाचा गर्व नव्हता, याचा होता. त्यांचे स्वतःचे कान मात्र गेले. डावा पूर्ण बंद, उजव्याने अर्धंमुर्धं ऐकू यायचं. घरी टीव्ही बघताना ते थोडं ऐकायचे आणि उरलेलं ओठांवरून भरून काढायचे.

मागच्या दिवाळीत दुकानात मांडून ठेवलेली वायरलेस स्पीकरची जोडी मालकाने मला देऊन टाकली. मी ती घरी टीव्हीच्या दोन बाजूंना बसवली. कुठे वायर दिसत नव्हती आणि आवाज असा की भिंतीवरचं कॅलेंडर थरथरावं. आई हरखली. आप्पा बातम्या बघायला बसले आणि पाच मिनिटांत त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“ओठ पहिले हालतस,” ते म्हणाले, “आवाज मांगून येस.”

मी टीव्हीसमोर उभा राहून पाहिलं. मला सगळं जुळलेलं दिसलं. आईलाही दिसलं. दुसऱ्या दिवशी आप्पा पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्या दिवशी शेजारची चार माणसं मुद्दाम माझे स्पीकर ऐकायला आली होती आणि त्यांच्यासमोर ते तिसऱ्यांदा म्हणाले. माझं डोकं फिरलं.

“आप्पा, मशीन बरोबर आहे. वय झालं की असं होतं. डोळ्यांनी बघितलेलं आणि कानांनी ऐकलेलं डोक्यात जुळत नाही. तुमचं डोकं मागे पडायला लागलंय.”

असलं काहीतरी मी मोबाइलवर अर्धवट बघितलं होतं. तेवढ्यावर शहाणपण पाजळलं. शेजारी हसले, मीही हसलो. आप्पा हसले नाहीत. एक मास्तर दुसऱ्या मास्तरचं ऐकतो तसं त्यांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. लूमबद्दल ते बोलले की कारखान्यात कुणी उलट बोलत नसे. यंत्राबद्दल मी बोललो, म्हणून तेही उलट बोलले नाहीत.

“आसं शे का?” एवढंच म्हणाले.

तीन आठवड्यांनी त्यांनी काम सोडलं. गुडघे दुखतात म्हणाले. आम्ही सगळे खूशच झालो, आता आराम करा म्हणालो. ते गॅलरीत रस्त्याकडे तोंड करून बसू लागले. टीव्ही बघणं बंद झालं. आणखी एक फरक पडला होता आणि तो मला दिसलाही होता. पूर्वी ते बोलणाऱ्याच्या तोंडाकडे थेट बघायचे. आता कुणी बोलायला लागलं की नजर खाली घालून उजवा कान पुढे करायचे आणि अर्धं ऐकून मान हलवायचे. मी मनात म्हटलं, वय झालं.

सहा महिने असे गेले.

मग परवा एक तक्रार आली. अक्षय नावाचा कॉलेजचा मुलगा, त्याने आमच्याच दुकानातून स्पीकर नेले होते. गेममध्ये बंदूक आधी उडते आणि आवाज नंतर येतो, असं त्याचं म्हणणं. मला काही फरक कळेना, पण गिऱ्हाइकाला ‘तुझं डोकं मागे पडलंय’ असं थोडंच सांगता येतं? मी तिथूनच कंपनीच्या इंजिनियरला फोन लावला.

“उशीर होतोच,” तो आरामात म्हणाला. “हवेतून येणारा आवाज मध्ये तुटू नये म्हणून स्पीकर तो थोडा साठवतो, मग वाजवतो. एकशेवीस मिलीसेकंद. म्हणजे सेकंदाचा आठवा भाग म्हणा ना. साध्या माणसाच्या लक्षात येत नाही.”

मग त्याने उपाय सांगितला. मागचं जोडणीचं बटण आणि आवाज कमी करायचं बटण, दोन्ही एकदम सात सेकंद दाबून धरायची. निळा दिवा तीनदा लुकलुकला की स्पीकर दुसऱ्या मोडमध्ये जातो आणि आवाज जवळजवळ लगेच येतो. माहितीपुस्तकात हे छापलेलं नाही. स्पीकर लांब ठेवला तर या मोडमध्ये आवाज तुटतो आणि लोक तक्रारी करत बसतात, म्हणून कंपनी तो लपवून ठेवते.

मी बटणं दाबली. दिवा तीनदा लुकलुकला. अक्षयने गोळी झाडली आणि ओरडला, “परफेक्ट!” माझ्या घरी याच कंपनीचे स्पीकर होते. आप्पा तीनदा म्हणाले होते ते खरं होतं.

दुपारी सरळ घरी आलो. हॉलमधल्या स्पीकरची बटणं दाबली आणि आप्पांना आत बोलावलं.

“नको भो, मले समजस नही आते,” ते म्हणाले. मी हात धरून आणलं. बातम्या लावल्या. बराच वेळ ते जमिनीकडेच बघत होते. मग डोळे वर गेले, निवेदिकेच्या ओठांवर थांबले, आणि ते पुढे सरकून बसले.

“बराबर शे,” ते म्हणाले.

मी काही न सांगता स्पीकरमागे हात घालून जुना मोड लावला. “आते मांगे पडनं.” पुन्हा नवा लावला. “आते बराबर.” असं मी सहा वेळा केलं. कधी बदलला, कधी नुसताच हात घातला. सहाही वेळा आप्पा अचूक. जो फरक ओळखायला कंपनीला यंत्र लागतं तो हा माणूस दोन डोळ्यांनी आणि अर्ध्या कानाने सांगत होता, आणि मी त्याला चार लोकांत वेडा ठरवलं होतं.

मी सगळं सांगितलं. उशीर यंत्रात होता, तुमच्यात नव्हता, मी चुकलो. या वेळी ते माझ्या तोंडाकडे बघत होते. शब्द न् शब्द पोचला.

“म्हणजे मी बरा व्हतू,” ते म्हणाले.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिला राहवलं नाही. “गुडघा काय दुखतस त्यास्ना! मगनभाईले सांगी उनात, मना डोया खोटं दखाडतस, आते पोऱ्यास्ना हात मना भरवसावर नको. मले म्हणे, लखनले सांगू नको, त्याले वाईट वाटी.”

पोरांची बोटं जाऊ नयेत म्हणून त्यांनी काम सोडलं होतं, आणि लपवलं ते मला वाईट वाटू नये म्हणून. मी कपाळावर हात मारून घेतला. सहा महिने मी त्या गॅलरीत त्यांना चहा नेऊन देत होतो आणि आपण बापाला आराम देतोय म्हणून छाती फुगवत होतो.

आप्पा मात्र उठून उभे राहिले होते. त्यांच्या चेहऱ्यावर किती दिवसांनी घाई दिसली. आईला म्हणाले, कामाचा खाकी शर्ट काढ. मला म्हणाले, “तू सकाये जाय. मगनभाईले सांग, दगा बरा शे. सोमवारपासून येसू.”

सकाळी मी पांडेसऱ्याला गेलो. कारखान्याच्या गल्लीच्या तोंडाशीच मला लूमची खटखट ऐकू यायला हवी होती. आली नाही. शेड रिकामी होती. फरशीवर बोल्टची भोकं आणि तेलाचे काळे चौकोन, बाकी काही नाही. दोन रंगारी भिंतीला चुना लावत होते आणि मगनभाई खुर्चीवर बसून बघत होते.

“दगाभाई गया, पछी जूना लूम कोण संभाळे?” ते म्हणाले. दोन मास्तर आले आणि गेले. अर्धे लूम बंदच पडून राहिले. शेवटी महिन्यापूर्वी सगळे भंगारात घातले. आता पाण्याच्या फवाऱ्याने धागा फेकणारी नवी मशीनं येणार होती, त्यांचा मेकॅनिक कंपनीच पाठवणार होती. मग त्यांनी काळजीने विचारलं, “डोळ्यांचं ऑपरेशन झालं का त्यांच्या?”

“झालं,” मी म्हणालो. खरं सांगायची हिंमत झाली नाही. “आता बरे आहेत.”

“वहेलुं करवुं हतुं ने, भाई,” मगनभाई म्हणाले. आधीच करायला हवं होतं. हो, आधीच करायला हवं होतं.

मी दोन तास उगाच गाडी फिरवली. घरी आलो तेव्हा दीड वाजला होता. आई चटईवर आडवी झाली होती. आप्पा इस्त्रीचा खाकी शर्ट घालून, माप बसतंय का बघत, दाराकडे तोंड करून बसले होते. मी उंबऱ्यातच थांबलो. लूम विकले, आप्पा, सगळे विकले, असं सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले, आवाज मात्र आलाच नाही.

“समजनं मले,” आप्पा हळूच म्हणाले. “तुनी माय झोपेल शे. ती उठनी का तिले मीच सांगसू.”