कोरडा मार्च

उर्बिनोला कधी यावं, हा प्रश्न मला वर्षभर छळतो. तटाच्या आत, चढावर, माझ्या तीन खोल्या आहेत. पाहुण्यांना भाड्याने देते. जर्मन विचारतात, जपानी विचारतात. मिलानच्या बायका तर छत्री आणू की नको हेही विचारतात, जशी काही ढगांची किल्ली माझ्या कमरेला लटकतेय. मी सगळ्यांना एकच सांगते: मे, नाहीतर सप्टेंबर. नोव्हेंबरात धुकं, फेब्रुवारीत बर्फ, ऑगस्टात घाम, आणि मार्चचं तर नावच काढू नका. झोपेतून उठवलंत तरी हेच सांगेन.

या जानेवारीत तोच प्रश्न ओद्दिनोने विचारला आणि त्याला ते उत्तर चालेना.

ओद्दिनो माझा थोरला भाऊ, कॅनडात असतो. आई गेली त्या हिवाळ्यात तो धावतपळत आला, पण पेसारोलाच अडकला; वर यायचा रस्ता बर्फाने बंद. आईला आम्ही गुडघाभर बर्फातून खांद्यावर नेलं आणि थोरला मुलगा खाली समुद्राकाठच्या हॉटेलात बसून राहिला. रस्ता मोकळा झाल्यावर आला, तेव्हा बाब्बोने, म्हणजे आमच्या वडिलांनी, दारातच विचारलं, "कसे होते रे पेसारोचे मासे?" बस्स. ओद्दिनोने बॅगही खाली ठेवली नाही, आल्या पावली परत गेला. तेव्हापासून दोघांत शब्द नाही. बाप तसा बेटा. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही.

मागच्या शरद ऋतूत डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाबांचं हृदय जुनेरासारखं झालंय, कधी फाटेल सांगता येत नाही." ते मी ओद्दिनोला कळवलं. म्हणून त्याचा फोन आला.

"एक दिवस येईन म्हणतो. दुपारी जेवेन, बापाला बघेन, संध्याकाळच्या बसने खाली. पेसारोला हॉटेल घेतो."

"पुन्हा पेसारो?" मी म्हटलं. "लाज वाटत नाही?"

"त्या घरात मी झोपणार नाही, लोरे. कधी येऊ ते सांग. आणि तुझं ते मे-सप्टेंबर पाहुण्यांना ऐकव. कांदे काय म्हणतात ते विचार."

बघा! अर्धं आयुष्य परदेशात गेलं, खिशातल्या फोनमध्ये साऱ्या जगाचं हवामान, आणि विश्वास कांद्यांवर. पण आमच्याकडची माणसं अशीच. जानेवारीच्या शेवटी संत पावलोचा सण असतो; त्याच्या आदल्या संध्याकाळी बाब्बो कांद्याच्या बारा फोडी पोळ्या लाटायच्या फळीवर ओळीने मांडतो, एकेका महिन्याची एकेक. प्रत्येकीवर मीठ घालतो आणि फळी खिडकीबाहेर ठेवतो. सकाळी जिच्यात पाणी सुटलं तो महिना ओला, जिच्यावर मीठ तसंच राहिलं तो कोरडा. आमच्या गल्लीत लग्नाची तारीख असो की छपराची डागडुजी, सेत्तिमिओच्या, म्हणजे बाब्बोच्या, कांद्यांना विचारल्याशिवाय ठरत नाही. म्हाताऱ्याची मिरवायची गोष्ट तेवढी एकच.

यंदा सणाच्या सकाळी बाब्बो उठायच्या आत मी खिडकी उघडून फळी पाहून घेतली. मार्चच्या फोडीत तळं साचलं होतं. एप्रिल ओलसर. मे खडखडीत.

बाब्बो आला, फळीवर वाकला. मी चुलीकडे तोंड करून, जमेल तितक्या सहज म्हटलं, "कॅनडाचा एक पाहुणा यायचंय म्हणतोय. कधी बोलावू?"

त्याने बराच वेळ लावला. मग मार्चच्या फोडीवर बोट ठेवलं. "मार्च. ठणठणीत कोरडा."

"बाब्बो, नीट बघ."

"मला शिकवतेस?"

"पाणी दिसत नाहीये तुला?"

"कसलं पाणी? मीठ चमकतंय ते." असं म्हणून त्याने फोड उचलली, पावाबरोबर तोंडात टाकली आणि मिटक्या मारत खाऊन टाकली. पुरावाच संपला.

हृदय तर होतंच, आता डोळेही गेले म्हणायचे. फोन लावला तेव्हा बाब्बो समोरच बसून अक्रोड फोडत होता. खरं सांगावं तर मे उजाडेपर्यंत ते हृदय तग धरेल याची खात्री नव्हती. मार्च सांगावा तर बर्फ पडणार, ओद्दिनो पुन्हा पेसारोलाच अडकणार, आणि मग तिसऱ्यांदा तो काही यायचा नाही. इकडे आड, तिकडे विहीर.

"मार्च," मी म्हणाले.

त्यानंतर माझा डोळ्याला डोळा लागेना. सकाळी उठले की आधी खिडकी. कात्रियाच्या डोंगराने ढगांची टोपी घातली की माझ्या हातातली भांडी पडत. फेब्रुवारी कोरडा गेला, तर तो कोरडा का गेला याची धास्ती. राहिलेलं सगळं मार्चमध्ये येणार! मग गर्बिनो सुटला, तो डोंगराकडून येणारा उबट वारा. त्याने डोकं चढतं आणि नवरा-बायकोची भांडणं होतात. मला नवरा उरलेला नाही, म्हणून मी पाहुण्यांशी भांडले. एका डचाने सकाळच्या कॉफीला नाव ठेवलं, तर त्याला दुसऱ्या घराचा पत्ता दिला.

"अगं, बस की जरा," बाब्बो म्हणायचा. "पायाला भिंगरी लागलीय का तुझ्या? पाहुणाच येतोय ना, पोप तर नाही."

ओद्दिनो आला त्या दिवशी लख्ख ऊन होतं. केस पिकलेले, खांदे बाब्बोसारखेच पुढे आलेले. दोघांनी एकमेकांच्या हनुवटीकडे बघत नमस्कार केला. मी रश्श्यात पासातेल्ली, म्हणजे पावाच्या चुऱ्याच्या जाड शेवया, केल्या होत्या, वर ससा भाजला होता. जेवताना दोघंही माझ्याशीच बोलले.

"मीठ कमी आहे, लोरे."

"त्याला सांग, मीठ बरोबर आहे."

फळं कापेपर्यंत खोलीत अंधारून आलं. वारा फिरला होता, आता समुद्राकडून येत होता. पहिले कण काचेवर टपटपले, आणि घटकाभरात समोरचं घर दिसेनासं झालं. ओद्दिनो बॅग घेऊन उतरला आणि पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा घेऊन परत वर आला. बस बंद, रस्ता बंद.

"हा तुझा कोरडा मार्च?" तो पहिल्यांदाच बापाशी थेट बोलला.

बाब्बो सफरचंद चावत राहिला. ओद्दिनोला त्याच्याच जुन्या खोलीत झोपावं लागलं; आता ती माझी दोन नंबरची खोली आहे.

सकाळी सगळी गल्ली फावडी घेऊन बाहेर. समोरच्या नाझ्झरेनाच्या जिभेला हाड नाही. तिने वरूनच सुरुवात केली, "ए सेत्तिमिओ! तुझा कोरडा मार्च माझ्या दारात कमरेएवढा साचलाय! ये, तुझ्या कांद्यांनी उपस!" लोक खो खो हसले.

आता बाब्बो तिच्या सात पिढ्या काढणार म्हणून मी पुढे झाले. कांद्यांवरून कोणी बोललं की त्याने आजवर कधी ऐकून घेतलं नव्हतं. पण त्याने मान खाली घातली.

"डोळे गेले माझे, नाझ्झरेना. दिसत नाही आता."

ओद्दिनोच्या हातातलं फावडं थांबलं. तो बापाकडे बघत राहिला, मग फावडं भिंतीला टेकवून जवळ गेला आणि त्याचा दंड धरला. "बाब्बो, इथे पायरी आहे. हळू."

मग बर्फ पडत राहिला आणि तो दंड काही सुटला नाही. ओद्दिनो त्याचं मांस कापून द्यायचा, बुटाच्या नाड्या बांधायचा, वर्तमानपत्र वाचून दाखवायचा. एका दुपारी मी स्वयंपाकघरात क्रेशा, आमच्याकडची पदर सुटलेली पोळी, भाजत होते, तेव्हा बाहेरून ओद्दिनोचा आवाज आला.

"आईच्या वेळी मी चालत यायला हवं होतं."

"पेसारोहून? त्या बर्फात?" बाब्बो खेकसला. "वेडा आहेस का? मेला असतास ना! एका दिवशी दोन पेट्या मी कुठून उचलणार होतो?"

माझी क्रेशा करपली आणि मी ती करपू दिली.

रस्ता मोकळा झाला तरी ओद्दिनोने बॅग भरली नाही. हॉटेलला नको म्हणून कळवलं, विमान पुढे ढकललं. "आधी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेतो," मला म्हणाला, "मग बघू."

डॉक्टरकडे जायच्या दिवशी सकाळी मी कॉफी घेऊन गेले तर बाब्बो खिडकीशी बसला होता. चष्मा टेबलावर. समोरच्या भिंतीवर, जिथे गेलेल्यांची पत्रकं लावतात तिथे, एक नवं चिकटवलेलं होतं. मला नुसती काळी चौकट दिसत होती.

"एलिओ गेला बघ," बाब्बो म्हणाला. "अंत्ययात्रा गुरुवारी, सान फ्रान्चेस्कोतून. फुलं नकोत म्हणे. आयुष्यभर चिकट तो चिकटच."

मी कप खाली ठेवला. खालची बारीक अक्षरं मला चष्मा लावूनही वाचता आली नसती.

"बाब्बो," मी म्हटलं, "पाहुणा कोण, हे तुला केव्हा कळलं?"

"तू विचारलंस तेव्हाच. पाहुण्यांसाठी तू कधी कांद्यांना विचारतेस? त्यांना मे सांगून मोकळी होतेस."

"आणि मार्चची फोड?"

"थबथबलेली होती. मे कोरडा होता. कोरड्या महिन्यात तो जेवून निघून गेला असता."

"साऱ्या गल्लीत हसं करून घेतलंस की रे."

"हसू देत. कांदे बरोबर होते, मला ठाऊक आहे ना." त्याने कॉफीचा घोट घेतला. एवढा मानी माणूस.

जिन्यावर ओद्दिनोची पावलं वाजली. बाब्बोने घाईघाईने चष्मा लावला आणि नजर भलतीकडेच वळवली. "चूप. आणखी थोडे दिवस मला आंधळाच राहू दे."

"आज डॉक्टरच सांगतील ना, डोळे ठणठणीत आहेत म्हणून!"

"मग गुडघे आहेत की," तो पुटपुटला.

ओद्दिनो कोट घेऊन आत आला. बाब्बोने हवेत चाचपडत हात पुढे केला, आणि ओद्दिनोने तो दोन्ही हातांत धरला.

"सांभाळून ने रे," मी म्हणाले. "तिसरी पायरी फुटलीय. त्याला दिसत नाही."