माझेच तेल मलाच

नाक मुरडू नका, मित्रांनो. मी जुना आहे, तेलकट आहे आणि मला वासही येतो, हे मला ठाऊक आहे. मी एका शिडाच्या बोटीवरचा सिलेंडर. सिलेंडर म्हटले की तुम्हाला स्वयंपाकाचा गॅस आठवणार. तो माझा कोणी लागत नाही. माझी जागा बोटीच्या मागच्या टोकाला, फळीखालच्या अंधारात, सुकाणूशेजारी. वर कोणी चाक फिरवले की तिथला पंप नळीतून तेल ढकलायचा, त्या जोराने माझा दांडा सरकायचा आणि सुकाणू वळायचे. शाबासकी मात्र चाकावरच्या माणसाला मिळायची. तेव्हा मला त्याचे काही वाटत नसे.

मला बसवले ते एका शांत मिस्त्रीने. दर वर्षी तो यायचा. आधी माझा दांडा पांढऱ्या फडक्याने पुसायचा आणि फडके उजेडात धरून बघायचा. त्यावर तेल उमटले तर माझ्या तोंडाशी असलेले रबरी सील झिजले, असे समजायचे. मग पंपात नवे तेल ओतून चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवायला लावायचा आणि माझ्या अंगावरचा स्क्रू सैल करून नळीतली हवा बाहेर काढायचा. "शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत घाई करायची नाही," तो म्हणायचा. ते दिवस माझ्या सुखाचे होते. चाक लोण्यासारखे फिरते, असे पाहुणे म्हणत आणि बोटीचे मालक मिशीतल्या मिशीत हसत.

मालकांना सगळे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्या हातून काही टाकवत नसे. वाकडे खिळे ठोकून सरळ करायचे, सुतळीचे तुकडे गाठी मारून ठेवायचे. एका वर्षी मिस्त्रीच्या फडक्यावर तेल उमटले.

"साहेब, सील बदलावं लागेल. दोन दिवस बोट बांधून ठेवा."

"एवढ्याशा ओलीला दोन दिवस? उद्या आम्ही निघतोय."

"मग निघा. मला पुन्हा बोलावू नका," मिस्त्री म्हणाला आणि फडके घडी करून निघून गेला.

साहेबांनी यावर स्वतःची युक्ती काढली. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून माझ्याखाली ठेवला. माझे तेल थेंब थेंब त्यात पडायचे आणि दर रविवारी साहेब तो डबा उचलून नरसाळ्याने पुन्हा पंपात ओतायचे. "एक थेंब वाया जात नाही!" असे पाहुण्यांना सांगायचे आणि पाहुणे माना डोलवायचे. मित्रांनो, त्या डब्यात माझे तेल एकटे नव्हते. फळीतून गळणारे खारे पाणी होते, रंगाचे पापुद्रे होते, एकदा तर झुरळाचा पायही होता. ते सगळे माझ्या पोटात जायचे. मी आतून गंजू लागलो. तेल कमी पडले की हवा शिरायची आणि ती हवा काढायला कोणी येत नसे.

हे फक्त एकीच्या लक्षात आले. साहेबांची मुलगी दातांच्या दवाखान्यात कामाला होती. तिच्या बोटांना बारीकसारीक फरक कळायचा. "बाबा, चाक स्पंज दाबल्यासारखं लागतंय. हवा शिरलीय. मिस्त्रीकाकांना बोलवू या."

"तू जोर कमी लाव. मला नाही लागत तसं."

तिला समोरच्या बेटापर्यंत एकटीने बोट न्यायची होती. तीन वर्षे ती त्यासाठी बाबांच्या मागे लागली होती. शेवटी साहेब म्हणाले, "येत्या रविवारी बोट धक्क्याला नीट लावून दाखव. किल्ली तुझी."

तो रविवार आला. सकाळी डबा ओतून झाला होता. दुपारी परतताना चाकावर मुलगी होती, साहेब पुढे दोर धरून उभे होते, आई कडेला बसली होती. धक्का अगदी जवळ आल्यावर तिने चाक वळवले आणि माझे सील फाटले. सगळे तेल त्या डब्यात सांडले. वर चाक नुसतेच गरगर फिरत राहिले.

"बाबा, सुकाणू गेलं!" ती ओरडली. तिने इंजिन उलटे चालू केले, ते सांभाळायला आईला चाकाशी उभे केले आणि अशा वेळी सुकाणूला थेट लावायचा लोखंडी दांडा काढायला धावली. तो दांडा रंगाच्या डब्यांखाली सापडला. पण तो ज्या भोकात बसवायचा, त्याचे झाकण साहेबांनी आदल्या वर्षी रंग देताना सरसकट रंगवून टाकले होते. झाकण हलेना. तिची नखे मोडली. बोट दगडी धक्क्यावर आपटली, आईचे मनगट मोडले आणि माणसे गोळा झाली.

त्या सगळ्यांसमोर साहेब म्हणाले, "हिच्या हातात चाक दिलं, तिथंच चुकलं."

मी तिच्या पायांखाली हातभर अंतरावर होतो. मला तोंड असते तर मी ओरडलो असतो. तिने एकदा बाबांकडे पाहिले, आईला धरून धक्क्यावर उतरवले आणि पुन्हा बोटीवर पाय ठेवला नाही.

पुढे साहेबांना मिस्त्रीला बोलवावेच लागले आणि त्याने मला उघडले. आतला गंज आणि फाटलेले सील त्याने साहेबांपुढे ठेवले. साहेबांनी सील बोटाने उलटवून पाहिले. "जुनंच झालं होतं," ते म्हणाले.

"पोरीला सांगितलंत?"

"आता सांगून काय उपयोग?"

आता बोटीवर माझ्या जागी नवा सिलेंडर आहे आणि मिस्त्रीचे दार वाऱ्याने लागू नये म्हणून मी त्यापाशी पडलो आहे. मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. कुठे तेल गळताना दिसले तर त्याखाली डबा ठेवून समाधान मानू नका, एवढे मात्र जरूर ऐका. परवा ती मुलगी या दारावरून गेली. मिस्त्रीने हाक मारली, "अगं, ये की, तुला दाखवायचंय. तुझी चूक नव्हती."

ती थांबली. माझ्याकडे बघून म्हणाली, "मला माहीत आहे, काका. तुम्ही नका सांगू." आणि ती चालू लागली.

ज्यांनी सांगायला हवे, ते बाबा दर रविवारी बोटीवर जातात, असे मिस्त्रीच्या तोंडून कळते. नव्या सिलेंडरखाली त्यांनी तोच डबा ठेवला आहे.