मायाप्पांची झील

"रोज अर्धा तास स्वतःसाठी काढा, कानाला हेडफोन लावा, शांत संगीत ऐका," असं सांगून दवाखान्यातल्या बाई मोकळ्या झाल्या. तो अर्धा तास कुठल्या दुकानात मिळतो ते काही त्या बोलल्या नाहीत. सांगायला त्यांच्या काय बापाचं जातंय!

तरी महादेवीनं ऐकलं, कारण परवा तिचा हात उठला होता. सासऱ्यांवर. वेळीच आवरला, पण उठला होता हे खरं, आणि पुढच्या वेळी आवरेल याची तिला खात्री नव्हती. मायाप्पांना विसरण्याचा आजार जडला होता. नवरा जोतिराम दिवसभर चिंचोळीच्या कारखान्यात. भवानी पेठेतल्या त्या दोन खोल्यांत ही आणि सासरे.

दुपारी शिजलेला भात चुलीवरून उतरवून तिनं कानात वायर घातली आणि फोनवर बासरी लावली. लगेच मायाप्पांनी कानातली वायर ओढली.

"मेंढरं कुटं हायती?"

"इकली की मामा. लई वर्सं झाली."

"मेंढरं कुटं हायती?"

असं विचारत विचारतच त्यांनी शिजलेल्या भातात तांब्याभर पाणी ओतलं. महादेवीचं डोकंच फिरलं.

"किती येळा सांगू, मेंढरं न्हाईत!"

"मेंढरं न्हाईत गाऽऽ," मायाप्पांनी सूर धरला.

ती आणखी भडकली. चेष्टा करतोय म्हातारा! पण चेष्टा कसली? धनगरी ओव्यांच्या मेळात मायाप्पा जन्मभर झीलकरी. म्होरक्यानं ओळ सोडली की तिचं शेपूट उचलून सुरात धरायचं, एवढंच काम. नातवंडांची नावं गेली, जेवल्याचं ध्यान गेलं, हे मेलं तेवढं राहिलं.

"भाताचा चिखल केला की!"

"चिखल केला कीऽऽ"

"तुमचा ल्योक येतोय अन् नुसता झोपतोय!"

"नुसता झोपतोयऽऽ"

"पुण्याची नणंद फोनवरनं अक्कल शिकवती!"

"अक्कल शिकवतीऽऽ"

महादेवीला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत होतं. मग ती थांबेचना. साठलेलं सगळं भडाभडा बाहेर पडू लागलं आणि त्या भरात तोंडून गेलं, "तुमी मेलासा म्हंजी सुटंन मी!"

"सुटंन मीऽऽ," मायाप्पांनी तेही तितक्याच गोडीनं उचललं.

महादेवीला लाज वाटली, रडू आलं, आणि खरं सांगायचं तर हलकंही वाटलं. मायाप्पा मेळात झील धरताना ठेवायचे तसा एक हात कानावर ठेवून तिच्या तोंडाकडे बघत होते, पुढच्या ओळीसाठी.