सुरतेला जाऊन आलेली गादी

मित्रांनो, मी एक जुनी कापसाची गादी आहे. माझ्या खोळीवरची निळी फुलं विटली आहेत आणि एका कोपऱ्यात पिवळट डाग आहे. म्हणून लगेच नाकं मुरडू नका. तुमच्यापैकी फार थोड्यांनी माझ्याइतका प्रवास केला असेल.

माझा जन्म नांदुऱ्याचा. बद्रुद्दीन नाना तिथले पिंजारी. त्या वर्षी बीटीचा कापूस असा फुटला होता की बाजारात गाड्या उभ्या करायला जागा नव्हती. त्यातला निवडक कापूस नानांनी पिंजला, कारण त्यांच्या लेकीला, झेबाला, मुलगी झाली होती. नातीची पहिली गादी नानानंच भरायची, अशी त्या घराची रीत. मुलीचं नाव सफा ठेवलं आणि मी झाले सफाची गादी. दर हिवाळ्याच्या तोंडावर नाना मला उसवायचे, कापूस पुन्हा पिंजायचे, त्यात नवा मिसळायचे आणि थोडी लांब करून शिवायचे. सफा वाढायची तशी मीही वाढायचे. पाहुणे मला दाबून बघत आणि वाहवा करत, तेव्हा मी आणखीच फुगायचे.

सफाचे अब्बू जाकीर कापसाचे व्यापारी होते. पुढे बोंडअळीनं कापूस किडका निघू लागला, धंदा बसला आणि घरात रोजची धुसफूस सुरू झाली. शेवटी जाकीर सुरतेला कापडाच्या दुकानात कामाला गेले. झेबा बऱ्हाणपूरला बहिणीकडे राहून शिवण शिकवू लागली. एक गुजरातेत, दुसरी मध्य प्रदेशात आणि दोघांचं बोलणं बंद. सफाची शाळा नांदुऱ्यात, म्हणून ती नाना-नानींकडेच राहिली. त्या दिवसांत ती झोपेत रडायची आणि सकाळी खुर्शीदा नानी एक अक्षर न बोलता मला गच्चीवर वाळत घालायची. डागाचं एवढंच सांगते.

काही महिन्यांनी दोघांनाही वाटलं, सफा आपल्याकडे असावी. जाकीरनी सुरतेच्या कोर्टात अर्ज केला, झेबानं बऱ्हाणपूरच्या. आता कोर्टं दोन आणि मुलगी एक. जाकीरना कोणीतरी सांगितलं, "मूल नेहमी जिथं राहतं तिथल्याच कोर्टात हे प्रकरण चालतं. तिचं सामान तुमच्या घरात दिसू द्या." झालं. ईदेला ते आले आणि नानीला म्हणाले, "सुट्टीत सफा आली की तिले झोपाले व्हईन." नानीनं भाबडेपणानं माझी वळकटी बांधून दिली. झेबानंही तोच सल्ला ऐकला होता. तिनं सफाची सायकल नेली.

मला सुतळीनं बांधताना सफा नानांना बिलगून उभी होती.

"नाना, कोर्ट तिकडं झालं तं मलेबी तिकडंच नेतीन का? माही शाळा?"

"मी हावो ना, बेटा," नाना म्हणाले.

सुरतेला मी बरेच महिने एका कोपऱ्यात धूळ खात पडले. सफा चटईवर झोपत असेल, या विचारानं जीव कासावीस व्हायचा. मग तारीख आली आणि जाकीर मला खांद्यावर टाकून कोर्टात घेऊन गेले.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे काय आणलंय?"

"मुलीची गादी. ती माझ्याकडेच राहते."

"आणि मुलगी कुठे आहे?"

"नांदुऱ्याला. शाळेत."

सगळं कोर्ट हसलं. मीही हसले असते, पण सुतळीनं आवळलेली होते. बाई म्हणाल्या, "गादी हलवल्यानं मुलीचा मुक्काम हलत नाही. ती जिथं राहते त्या जिल्ह्यातल्या कोर्टात जा. आणि आधी ही गादी परत करा." बऱ्हाणपूरला सायकलीचीही अशीच फजिती झाली.

आमच्या नांदुऱ्याच्या जिल्ह्याच्या कोर्टात फार गर्दी होती. व्हरांड्यातली बाकं भरलेली, म्हणून मला परत द्यायला घेऊन आलेल्या जाकीरनी तिथंच पसरलं. सफा मधोमध बसली, एका बाजूला ते बसले. झेबा थोडा वेळ उभी राहिली आणि मग दुसऱ्या बाजूला टेकली. तिघांचं वजन एकदम माझ्यावर आलं. मला इतका आनंद झाला, काय सांगू.

"सुरतेले मोठी शाळा हाये, बेटा," जाकीर म्हणाले.

"बऱ्हानपूर तं जवळच हाये," झेबा म्हणाली.

सफानं दोघांकडे पाहिलं. "मले कुठंच नेऊ नका. तुमीच इकडं येत जा ना. पाळीपाळीनं या, नाही तं दोघंही संगंच या."

झेबा डोळे पुसू लागली. जाकीर नुसतेच माझ्या शिवणीशी चाळा करत बसले.

सफानं आत न्यायाधीशसाहेबांनाही हेच सांगितलं. निकाल तसाच लागला. शाळा संपेपर्यंत सफा नांदुऱ्यात राहील आणि आईवडील आळीपाळीनं रविवारी तिला भेटायला येतील. ते दोघं पुन्हा एकत्र नांदू लागले, असं खोटं मी सांगणार नाही. पण परवा दोघंही एकाच रविवारी आले आणि सफाला मध्ये घेऊन जेवायला बसले.

मित्रांनो, तुमच्या घरच्या गादीला अधूनमधून ऊन दाखवा, तिच्यावर उड्या मारू नका, एवढं तर सांगतेच. आणि कधी घरातली मोठी माणसं दोन गावांना जाऊन बसली, तर गप्प राहू नका. आम्हा गाद्यांना कोणी विचारत नाही, बांधतात आणि नेतात. तुम्हाला तोंड आहे. तुम्हाला कुठं राहायचंय, ते त्यांना सांगा.