लेबर रूममधली रांग

अनसिंगची मंजुषा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. प्रसूती वॉर्डात तिची ड्युटी लागली, त्याच सकाळी तांड्यावरची रेणू पहिल्या बाळंतपणासाठी आली. इन्चार्ज सिस्टरांनी विद्यार्थिनींना रांगेत उभं केलं आणि एकेकीकडून रेणूची आतून तपासणी करवून घेतली.

"पुरे करा ना बाई," रेणू प्रत्येकीला म्हणत होती. "लय दुखून राह्यलं."

मंजुषाचा नंबर आला. ग्लोव्ह्ज घालून ती तशीच उभी राहिली.

"कायची वाट पाहून राह्यली?" सिस्टरांनी विचारलं.

"मॅडम, ती नाई म्हणून राह्यली."

"तिले काय विचारायचं? तुले शिकायचं हाय का नाई?"

"शिकायचं हाय. पण असं नाई करत मी."

"मंग बाहेर जाय. माह्या वॉर्डात पाय ठेवू नको."

मंजुषा दारापर्यंत गेली, तोवर रांगेतली तिची रूममेट पुढे सरकली होती. रेणूचं ओरडणं व्हरांड्यातही ऐकू आलं.

दुपारी प्राचार्यांनी मंजुषालाच झापलं. माफी माग, नाहीतर वर्ष वाया जाईल, असं त्यांनी बजावलं. घरी आईबाबांना काय सांगायचं, ते तिला सुचेना. तिनं सिस्टरांची माफी मागितली.

मग ती पाण्याचा ग्लास घेऊन रेणूकडे गेली. बाळ कुशीत निजलं होतं. पांढरा गणवेश दिसताच रेणूनं पाय पोटाशी ओढले.

"अजून कोणी राह्यलं का, बाई?"

"नाई. पानी आणलं."

रेणूनं पाणी घेतलं, पण मंजुषा बाहेर पडेपर्यंत पाय काही सरळ केले नाहीत.